हात मोकळे असले तरी

प्रिय चिऊ,

गुरुवारी संध्याकाळी तू फोनवर विचारलंस, "आई, डिस्ट्रॅक्शनला मराठीत नेमकं काय म्हणू?" मी काही बोलणार तेवढ्यात करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला, पाठोपाठ कुणाचा तरी हॉर्न, आणि मग तू, "काही नाही गं, सायकलवाला मध्ये आला. हां, सांग." मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. नंतर आपण भांडलो ते मात्र शब्दन्‌शब्द आठवतंय. ते पुन्हा उगाळायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे. हे पत्र फक्त तुझ्या शब्दाबद्दल.

शिकाऊ चालकांच्या ज्या पुस्तिकेचं तू भाषांतर केलंस, तिच्यात तू 'लक्ष विचलित होणे' घातलं आहेस. चूक नाही. पण विचलित म्हणजे जागेवरून हललेलं, आणि मूळ शब्दात आहे ती ओढाताण. लॅटिनमधलं 'त्राहेरे' म्हणजे ओढणं, ट्रॅक्टरही त्याच घरातला. 'डिस' म्हणजे वेगवेगळ्या बाजूंना. आपल्याकडे ओढण्याच्या जागी फेकणं आलं: विक्षेप. आक्षेप, संक्षेप ही त्याची भावंडं. पतंजलींनी योगसूत्रांत आजारपणापासून आळसापर्यंत नऊ अडथळे मोजले आणि त्या सगळ्यांना मिळून चित्तविक्षेप म्हटलं. तरी तुझ्या वाचकांसाठी हा शब्द नको, पान उलटतील.

माझी लाडकी जोडी म्हणजे अवधान आणि व्यवधान. दोन्हींत 'धा', म्हणजे ठेवणं. मन एका जागी ठेवलं की अवधान, मध्येच काही आणून ठेवलं की व्यवधान. मराठीत तर आपण 'मागे दहा व्यवधानं आहेत' असंही म्हणतो. गुरुवारी तुझ्या आणि त्या सायकलच्या मध्ये काय ठेवलेलं होतं, ते मी लिहिणार नव्हते.

लिहिलंच शेवटी.

तू म्हणालीस, फोन कानात लावलेला असतो, हात मोकळे असतात, नजर समोर असते. चिऊ, तुझ्याच पुस्तिकेच्या चौथ्या पानावर तीन प्रकार दिले आहेत: नजर हटते, हात सुटतो, मन भरकटतं. पहिले दोन तू सांभाळलेस. तिसरं माझ्यापाशी होतं, शब्द शोधत. ताशी 60 किलोमीटरने गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. मी हे कागदावर मांडून पाहिलं, बाबांकडून तपासून घेतलं. दोन सेकंदांत 33 मीटर. तुला हे ठाऊक आहे, तू भाषांतर केलं आहेस त्याचं. पुन्हा शिकवायला लागले, माफ कर.

शब्दांकडे येते. एकाग्र तुला माहीत आहे, एकच अग्र असलेलं, एका टोकाला लागलेलं मन. त्याच्या उलट व्यग्र, म्हणजे विखुरलेलं, अस्वस्थ. संस्कृतात मूळ अर्थ असा आहे. मराठीत आपण काय म्हणतो? 'ती कामात व्यग्र आहे', म्हणजे पूर्ण बुडालेली! शब्द उलटा फिरला. पूर्वी प्रुफं तपासताना मला ही चूक वाटायची. आता वाटतं, बोलणाऱ्यांना काहीतरी उमगलं असावं. 1999 मध्ये सायमन्स आणि चॅब्रिस या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना चेंडू एकमेकांकडे टाकणाऱ्या खेळाडूंची चित्रफीत दाखवली आणि पांढऱ्या शर्टवाल्यांनी किती वेळा चेंडू दिला ते मोजायला सांगितलं. मध्येच गोरिलाच्या वेशातलं एक माणूस सावकाश त्यांच्यामधून चालत गेलं. बघणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ते दिसलंच नाही. ही माणसं बेसावध नव्हती गं. मोजण्यात गढून गेली होती. 'लक्ष नव्हतं' असं आपण म्हणतो, पण लक्ष कुठेतरी असतंच.

तुझ्या हनुवटीवरची खूण. तू विचारायचीस तेव्हा 'पायरीवरून पडलीस' एवढंच सांगत आले. तू पडलीस तेव्हा मी चार हातांवर बसले होते, मांडीवर प्रुफं होती. एका वाक्यात क्रियापद चुकलं होतं आणि मी ते दुरुस्त करत होते. तेवढाच वेळ. डॉक्टरांना म्हणाले, "अनवधानानं झालं." बाबा काही बोलले नाहीत. 'दुर्लक्ष झालं' म्हणण्याचं धैर्य मला झालं नाही, कारण दुर्लक्ष म्हटलं की दोष पदरात येतो. आणि मग टाके घालताना मी काय केलं, तर किल्ल्यांचा जुडगा तुझ्या डोळ्यांसमोर खुळखुळवला. तू त्याकडे बघत राहिलीस, तीन टाके पडले तरी फार रडली नाहीस. यालाही इंग्रजीत डिस्ट्रॅक्शनच म्हणतात. आपण म्हणतो मन रमवणं, चाळवणं, भुलवणं. हे शब्द पुस्तिकेत लागणार नाहीत, पण तुझ्या वहीत टिपून ठेव.

भांडताना मी म्हणाले की तुला कशाचंच गांभीर्य नाही. ते मागे घेते. काकाला त्या पावसाच्या रात्री तूच दवाखान्यात नेलंस, दादासुद्धा कचरला होता. काका अजून सांगत असतो, पोरीनं एक शब्द काढला नाही, रस्त्यावरची नजर हलवली नाही. मी ऐकते आणि माझा ऊर भरून येतो. मग रात्री मला तो ब्रेकचा आवाज ऐकू येतो.

पुस्तिकेत सरळ 'लक्ष दुसरीकडे जाणे' लिही. ज्याला वाचायचं आहे त्याला लगेच कळेल, आणि लक्ष कुठे गेलं हा प्रश्नही त्याला आपोआप पडेल.

आणखी एक. काल माझ्या फोनमधली यादी पाहिली. या महिन्यात साडेसहा ते साडेसातमध्ये आपण अकरा वेळा बोललो, त्यातले नऊ फोन मी केले होते. तू त्या वेळी गाडीवर असतेस हे मला माहीत होतं. तेव्हाच तू निवांत बोलतेस, म्हणून करायचे. आता त्या वेळेत मी फोन करणार नाही, तुझा आला तरी उचलणार नाही. घाबरू नकोस, मी बरी आहे. बाबांनाही सांगितलं आहे. आठनंतर कर, मी फोन जवळच ठेवीन.

तुझी,
आई