वाकोल्याच्या मावशींना, एका स्टीलच्या पातेल्याबद्दल

प्रिय मावशी,

हे सगळं तुमच्या तोंडावर सांगायला आले असते, तर "पुरे गं, चहा घे" म्हणून तुम्ही मला गप्प केलं असतंत. म्हणून चार लोकांसमोर लिहिते आहे.

३१ डिसेंबरला आमच्याकडे सहा माणसं जेवायला यायची होती. गोडाला फळांचं कॉम्पोट करायचं मी ठरवलं होतं. म्हणजे वाइन, साखर आणि खडा मसाला यांच्या पाकात फळं मऊ शिजवायची, एवढंच. नाशिकची लाल वाइन आणली, ७५० मिलीची बाटली. जाड बुडाचं भांडं हवं म्हणून आजेसासूबाईंची लोखंडी कढई खाली काढली. अर्धी बाटली ओतली, लवंगा न मोजता टाकल्या आणि गॅस लावला. वीस मिनिटांनी झाकण काढलं तर आत शाईची दौत! चव घेतली, तर गंजक्या नळाला तोंड लावल्यासारखी.

तशीच, कढई फडक्यात धरून, मी चर्चमागच्या गल्लीत तुमच्या दारात उभी राहिले. तुम्हाला चर्चमध्ये रात्रीच्या मिसाला, म्हणजे प्रार्थनेला, जायचं होतं, साडी इस्त्रीला काढलेली होती. तुम्ही कढईत एकदा वाकून पाहिलंत.

"मेंदी कशात भिजवतेस?"

"लोखंडी कढईत."

"का?"

"काळी व्हावी म्हणून."

"मग?"

मावशी, त्या "मग?"वर मी आठवडाभर हसते आहे. वाइन म्हणजे दारू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती आंबट असते, द्राक्षाच्या सालीचा नि बियांचा तुरटपणा तिच्यात उतरलेला असतो, आणि तुरट पदार्थाला लोखंड लागलं की तो काळा पडतो. यातलं नवीन काय होतं? पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचाच क्षार तो) घालून शाई करत. आमसुलाचं सार मी त्या कढईत कधी केलं नसतं. पण बाटलीवर इंग्रजी लेबल दिसलं की घरची अक्कल गहाण पडते बहुधा.

मग तुमचं स्टीलचं पातेलं आलं आणि पाठोपाठ तुम्हीही आलात. लग्नाकार्यात खिमाड, म्हणजे मसाल्याची गरम दारू, करणारे हात ते. मसाला कसा धरायचा हे त्यांना कोणी सांगायला नको. दालचिनीचं एक बोट, मोजून तीन लवंगा, दोन वेलच्या, चक्रीफुलाच्या दोनच पाकळ्या, सगळं मलमलच्या पुरचुंडीत. संत्र्याची साल वरवर काढलीत, पांढरा भाग येऊ दिला नाहीत, तो कडवतो म्हणून. उरलेल्या अर्ध्या बाटलीत १०० ग्रॅम साखर. जर्दाळू आणि सुके अंजीर मी थेट पाकात टाकायला निघाले होते, तर तुम्ही हात धरलात: आधी कोमट पाण्यात भिजव, साखरेत पडले की चिवटच राहतात. नाशपाती आधी, सफरचंद मागून, आणि फळं बुडून राहावीत म्हणून वर एक लहान ताटली पालथी. पाक मला पातळ वाटला. "गार झाल्यावर बघ," म्हणालात. बघितलं. बरोबर होतं.

पण आभार मानायचे आहेत ते खरं तर दुसऱ्याच गोष्टीसाठी. आमच्या आई वाइनला शिवत नाहीत. मी तुम्हाला हळूच म्हटलं, उकळल्यावर दारू उडूनच जाते ना, त्यांना कशाला सांगायचं? तुम्ही चमचा खाली ठेवलात. "सगळी कुठली उडते!" अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं खरं, पण पाण्यात मिसळलेलं असं सुटून जात नाही, अर्धा तास मंद आचेवर ठेवूनही साधारण तिसरा हिस्सा मागे राहतो. "सांगून वाढ, नाहीतर वाढू नको." एवढं बोलून तुम्ही स्वतःच काळ्या मनुका भिजत घातल्यात आणि त्यांच्या पाण्यात आईंची वेगळी वाटी शिजवलीत. तोवर इस्त्री गार झाली असणार.

जेवताना मी आईंना दोन्ही भांड्यांचं सांगितलं. त्यांनी आपली वाटी संपवली, पुरचुंडी उचलून हुंगली आणि म्हणाल्या, "जायफळ नाही घातलं वाटतं?" पुढच्या वेळी तुम्ही दोघी ठरवा काय ते.

उरलेलं फ्रिजमध्ये चार दिवस टिकलं. मोरांब्यासारखं वर्षभर राहणारं ते नव्हेच, साखर फार कमी.

पातेलं रविवारी मिसानंतर आणून देते. कढईही बरोबर आणते. आतला काळा तुकतुकीत थर वाइननं पार खरवडून काढला आहे आणि घावन चिकटायला लागले आहेत. तेल लावून किती वेळा तापवायची, ते एकदा दाखवा.

तुमची,
समोरच्या बिल्डिंगमधली