पार्टसोबत कागदही जाऊ द्या : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली

विषय : गाड्यांना बाजारातून वेगळे घेऊन लावायच्या पार्टना मान्यतेचा क्रमांक मिळण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातून हे पत्र लिहिते आहे. आमच्या ओसरीला लागून एक खोली आहे. वडिलांच्या काळी दिवाळीनंतर ती कापसाने छतापर्यंत भरायची. आता तिथे लोखंडी मांडण्यांवर कॉइल स्प्रिंग, डिस्क पॅड, शॉकअप, एअर फिल्टर आणि स्टीलच्या जाळीचे ब्रेक होज, म्हणजे ब्रेक ऑइल नेणाऱ्या नळ्या, असतात. मी गाड्यांचे परफॉर्मन्स पार्ट घरबसल्या विकते. मूळ पार्टपेक्षा जास्त ताण आणि जास्त उष्णता सहन करणारे, गाडी वळणावर नीट बसवणारे पार्ट. ऑर्डर फोनवर येते, पैसे यूपीआयवर येतात, माल पोस्टाने नाहीतर कुरियरने जातो. कोइम्बतूरच्या रेसिंगवाल्या पोरांकडे जातो, पुण्याला जातो, आणि वणी-पुसदलाही जातो.

गावात बसून हा कसला धंदा, असं पुष्कळांनी विचारलं. माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. लहानपणी त्यांचा डबा घेऊन मी वर्कशॉपमध्ये जायची आणि पिटात उतरलेल्या वडिलांना वरून पाना द्यायची. ते म्हणायचे, गाडी सुरू झाली नाही तर माणूस पायी जाईल, पण थांबली नाही तर कुठे जाईल? त्यांच्याकडून आलेली ब्रेकची आणि सस्पेन्शनची समज हेच माझं भांडवल. खोलीचं भाडं नाही, दुकानाची पागडी नाही, म्हणून शहरातल्या दुकानापेक्षा मला चार पैसे कमी घेता येतात. पोस्टमन दादा ओळखीचे आहेत. गावच्या शाखा डाकघराचे कामाचे तास थोडेच असतात, म्हणून मोठं पार्सल असलं की मी ते स्कूटीवर बांधून तालुक्याच्या पोस्टात नेते.

मला एकच गोष्ट मागायची आहे. ती सांगण्याआधी दोन प्रसंग सांगते.

पहिला परतवाड्याचा. तिथून चिखलदऱ्याला सवारी नेणाऱ्या एका भाऊंचा मे महिन्यात फोन आला. घाट उतरताना पेडल एकदम मऊ झालं, पाय खालपर्यंत गेला आणि गाडी थांबेना. गिअर टाकत टाकत त्यांनी ती कशीबशी कडेला घेतली. गाडीत सात माणसं होती. मी विचारलं, ब्रेक ऑइल कधी बदललं? ते म्हणाले, कमी झालं की वरून टाकतो, बदलायचं असतं हे माहीत नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. ताजं डॉट 3 दर्जाचं ऑइल 205 अंश सेल्सिअसच्या आत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की 140 अंशांवरच उकळू शकतं. घाटात पाय ब्रेकवरच असतो, डिस्क तापते, ऑइल उकळतं, त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली जातं आणि चाकापर्यंत जोरच पोहोचत नाही. मी त्यांना जास्त उष्णतेवर उकळणारं डॉट 4 ऑइल, उष्णता सहन करणारे पॅड आणि नवे होज द्यायचं ठरवलं. कुरियरवाल्याने पातळ वस्तू म्हणून ऑइल घेतलं नाही, तेव्हा ते त्यांना अमरावतीतूनच घ्यायला लावलं आणि डब्यावर काय पाहायचं ते फोनवर सांगितलं. पॅड आणि होज इथून गेले. त्यांच्या मिस्त्रीला मी व्हिडिओ कॉलवर ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला लावली, डाव्या मागच्या चाकापासून सुरुवात करायची की उजव्या, इथपासून. आठ दिवसांनी भाऊंचा फोन आला, की आता पेडल दगडासारखं टणक लागतं.

लोक परफॉर्मन्स पार्ट म्हटलं की आवाज करत जाणारी पोरं डोळ्यांसमोर आणतात. माझ्या मांडणीवरचा अर्ध्याहून अधिक माल या भाऊंसारख्यांच्या कामाचा आहे.

दुसऱ्या प्रसंगामुळे मी हे पत्र लिहायला बसले. विदर्भातल्याच एका शिक्षकांनी माझ्याकडून स्प्रिंगचा सेट घेतला. त्यांची जुनी गाडी मागून बसली होती. घरची पाच माणसं आणि सामान भरलं की मागचा मडगार्ड टायरला घासायचा. मी आरसीचा फोटो मागवला, चॅसिस नंबर पाहिला, गाडीचं वजन आणि टायरचा साइज विचारला आणि थोड्या कडक स्प्रिंग पाठवल्या. उंची कंपनीने दिली होती तेवढीच राहील याची खात्री केली होती. स्प्रिंगचा रंग पिवळा होता, एवढाच काय तो फरक दिसणारा. पुढे एका तपासणीत साहेबांनी चाकाच्या वर टॉर्च मारला, पिवळा रंग पाहिला आणि गाडीत बदल केला म्हणून चलान फाडलं. शिक्षकांनी माझं बिल दाखवलं. साहेब म्हणाले, बिल काय करू, मान्यतेचा कागद दाखवा. त्यांनी मला फोन लावला. मीही कागद दाखवू शकले नाही. दाखवणार कुठून? त्यांनी स्प्रिंग काढून परत पाठवल्या आणि मी सगळे पैसे दिले. त्या साहेबांबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांच्या हातात पडताळायला काहीच नव्हतं, मग जे डोळ्यांना वेगळं दिसलं त्यालाच त्यांनी गुन्हा धरलं. शिक्षकांची गाडी मात्र पुन्हा घासत फिरते आहे. ते मला अजून खुपतं.

मग मी कायदा वाचायला घेतला. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 52. आरसीतला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये, असं ते सांगतं. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात बदल म्हणजे काय तेही दिलं आहे : वाहनाच्या रचनेतला असा फेरफार, की ज्यामुळे त्याचं मूलभूत स्वरूप बदलतं. हे वाचून मला वाटलं, स्प्रिंगने कुठे मूलभूत स्वरूप बदलतं? आरसीवर स्प्रिंगचा उल्लेखही नसतो. पण 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 182 अ पुढे आहे. त्यात पार्ट बसवून केलेला बदलही धरला आहे, आणि कायद्याने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणून अधिसूचित झालेले पार्ट नियमात न बसणारे विकले, तर विकणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पार्टमागे 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही मूळ उत्पादकाच्या तपशिलाबाहेर गाडी बदलता येणार नाही असा निकाल दिला.

शिक्षेबद्दल माझी तक्रार नाही. खोट्या ब्रेक पॅडने माणूस मरतो, तो विकणाऱ्याला एक वर्ष कमीच आहे. बाजारात डब्यावर कंपनीचं नाव आणि आत भलताच माल, असे पॅड मी स्वतः हातात घेऊन पाहिले आहेत. नखाने खरवडलं तर भुगा पडतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की काय चालत नाही हे कायदा सांगतो, पण काय चालतं ते मला आणि माझ्या गिऱ्हाइकाला कुठे बघायला मिळत नाही.

जिथे सरकारने रेघ स्पष्ट ओढली तिथे आम्ही ती पाळली आहे. डिसेंबर 2017 मध्ये आपल्याच मंत्रालयाने राज्यांना कळवलं, की गाडीच्या पुढचे क्रॅश गार्ड, बुलबार हे कलम 52 चं उल्लंघन आहे. मी हा धंदा सुरू केला तेव्हापासून एकही गार्ड विकला नाही, आणि दर महिन्याला त्याची मागणी येते. गाडीचं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, काढून सरळ पाइप बसवायला मागणारे येतात, त्यांना मी नाही म्हणते. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचं मानक आलं ते हवेसाठी आलं, ते मी माझ्या हाताने काढून टाकणार नाही. सायलेन्सर फोडून फटाके वाजवणाऱ्यांचे सायलेन्सर पोलिस रोलरखाली घालतात ते योग्यच आहे. आवाजाला मी सुधारणा म्हणत नाही. माझ्या घरामागे म्हातारी आजी राहते, तिलाही झोप हवी असते.

सीएनजीचं उदाहरण घ्या. किटला मान्यता असते, ती अधिकृत केंद्रात बसवली जाते, आरसीवर नोंद होते, आणि रस्त्यात कुणी अडवलं तर मालक कागद पुढे करतो. टायरवर आणि हेल्मेटवर आयएसआयची खूण असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 124 मध्ये सुट्या भागांच्या सुरक्षा मानकांची तरतूद आहे. वाहनं आणि पार्ट तपासणाऱ्या संस्थाही आहेत : पुण्याला एआरएआय 1966 पासून आहे, मानेसरला आयकॅट आहे. तपासायची यंत्रं आणि शिकलेली माणसं देशात आहेत.

जर्मनीत कसं चालतं ते मी वाचलं. तिथे स्प्रिंग, चाकं, सायलेन्सर यांच्यासोबत मान्यतेचा दाखला येतो. कुठल्या मॉडेलला, कुठल्या टायरसोबत, किती भारापर्यंत चालेल ते त्यात लिहिलेलं असतं. काही पार्टना तेवढा दाखला गाडीत ठेवला की पुरतं, काहींना बसवल्यावर तपासनीसाकडून पाहून घ्यावं लागतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात धुरावर परिणाम करणाऱ्या पार्टला तिथल्या हवेचं प्रदूषण पाहणाऱ्या सरकारी मंडळाचा क्रमांक मिळतो, त्याचं स्टिकर बॉनेटखाली लावतात, आणि तपासणारा तो क्रमांक यादीत पाहतो. प्रदूषणाबाबत हे दोन्ही प्रदेश आपल्यापेक्षा ढिले नाहीत. तिथला छोटा विक्रेता पार्सल बंद करताना त्यात दाखला टाकतो आणि निश्चिंत होतो.

मला तेच हवं आहे. स्प्रिंग, शॉकअप, ब्रेक पॅड, होज, डिस्क, अलॉय व्हील, एअर फिल्टर अशा पार्टची तपासणी करून प्रत्येकाला मान्यतेचा क्रमांक द्यावा. कुठल्या गाडीला तो चालेल ते त्या क्रमांकासोबत लिहिलेलं असावं. वाहन पोर्टलवर सगळ्यांना पाहता येईल अशी यादी मराठीत आणि इतर भाषांतही असावी. रस्त्यावरचा हवालदार, फिटनेसचा निरीक्षक आणि आर्णीत बसलेली मी, तिघांनी एकच क्रमांक पाहावा. तपासणीची फी पार्ट बनवणाऱ्याने भरावी, विकणाऱ्याने नव्हे, कारण गावातल्या विक्रेत्याला एका स्प्रिंगची तपासणीही परवडणार नाही. आणि जे पार्ट फक्त रेसिंगच्या ट्रॅकसाठी आहेत त्यांच्यावर तसं ठळक लिहिण्याची सक्ती असावी. कोइम्बतूरच्या करी ट्रॅकवर जाणारा पार्ट मी वेगळ्या मांडणीवर ठेवते, पण मी ठेवते म्हणून सगळेच ठेवतील असं नाही.

आपण रस्ते केले, त्याचा आम्हाला अभिमान आहे. आमच्याजवळून नागपूर-तुळजापूर महामार्ग जातो. समृद्धी 11 डिसेंबर 2022 ला शिर्डीपर्यंत सुरू झाली आणि 5 जून 2025 ला 701 किलोमीटर पूर्ण झाली. तिच्यावर 120 ची मर्यादा आहे. पूर्वी खड्ड्यांतून चाळीसने जाणाऱ्या त्याच जुन्या गाड्या आता शंभरने धावतात, तेच जुने पॅड आणि तेच बसलेले शॉकअप घेऊन. गाडीचा वेग दुपटीने वाढला की तिला थांबवायला ब्रेकला चौपट ऊर्जा गिळावी लागते. नवी गाडी घ्यायची ऐपत सगळ्यांची नाही, कापसाचा भाव तर आपल्याला ठाऊकच आहे. आहे ती गाडी सुरक्षित करणं हा त्यांच्यासाठी एकमेव मार्ग आहे, आणि आज त्या मार्गावर चलानाची भीती उभी आहे.

22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या पार्टवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, त्याचा गिऱ्हाइकांना खरंच फायदा झाला. कुरियरचं आकारमानावरचं वजन, परत येणारी पार्सलं या माझ्या अडचणी आहेतच. सायलेन्सरचा मागचा डबा सहा किलोचा असतो, पण खोक्याची लांबी, रुंदी, उंची गुणून पाच हजारने भागली की पंधरा किलोचे पैसे द्यावे लागतात. ते खातं आपलं नाही, म्हणून इथे वाढवत नाही.

मी प्रत्येक पार्सलमध्ये हाताने लिहिलेली एक चिठ्ठी टाकते. पार्ट कोणत्या गाडीचा, बोल्ट किती आवळायचा, पहिले दोनशे किलोमीटर ब्रेक कसा जपून वापरायचा, काय करू नये. शेवटचा रकाना आहे : रस्त्यावर चालेल का? ब्रेक ऑइल विचारणाऱ्यांना तिथे डब्यावर कोणती खूण पाहायची ते लिहून देते. स्प्रिंगसाठी तो रकाना मी शिक्षकांच्या प्रसंगानंतर कोराच सोडते. आज टेबलावर दारव्ह्याला जाणारा एक सेट आहे, पिवळाच. पोस्टाची वेळ होत आली आहे आणि त्या रकान्यात काय लिहायचं ते मला आपल्याकडून हवं आहे.

आपली विश्वासू,
गाड्यांच्या पार्टची एक विक्रेती
तालुका आर्णी, जिल्हा यवतमाळ