पळालेल्या मुलाला ‘का’ हे कोण विचारणार?

महोदय,

सोळा-सतरा वर्षांचा मुलगा बालगृहातून किंवा सांभाळणाऱ्या घरातून पळाला, की मालिकेतले पुढचे प्रसंग प्रेक्षकाला पाठ असतात: धो-धो पाऊस, शेवटची लोकल, फलाटावर भेटणारा गुंड आणि काही भागांनंतर श्रीमंत बापाची ओळख पटवणारे लॉकेट. डब होऊन येणाऱ्या परदेशी मालिकांत लॉकेटऐवजी चोरलेली मोटार असते, एवढाच फरक.

पूर्व उपनगरातील एका बालगृहात मी नऊ वर्षे दहावीचे गणित शिकवले. त्या काळात माझ्या वर्गातून दोन मुले न सांगता निघून गेली. त्यांपैकी एकाची धाकटी बहीण, मुलगे आणि मुली वेगवेगळ्या संस्थांत ठेवत असल्यामुळे, दुसऱ्या जिल्ह्यात होती आणि त्यांची ठरलेली भेट दोनदा पुढे ढकलली गेली होती. तो तिला भेटून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आपल्या पायाने परत आला. दुसरा अठरा पूर्ण होण्याच्या दीड महिना आधी गेला. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या 46व्या कलमात अठराव्या वर्षी संस्था सोडणाऱ्यांसाठी अर्थसाहाय्याची तरतूद आहे, नियमांनुसार एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाचा, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या देखभालीचा, आधारही मिळू शकतो. पण हे त्याला नीट समजावून सांगायचे राहून गेले (त्यात मीही आलो), आणि ‘काढून टाकण्याआधी आपणच निघालेले बरे’ असे तो मित्राला सांगून गेला.

ज्या अमेरिकेतील फोस्टर केअरवर, म्हणजे मुलांना दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला ठेवण्याच्या व्यवस्थेवर, अशा मालिका बेतल्या जातात, तेथील 2014 च्या कायद्याने बेपत्ता मुलाची खबर 24 तासांत पोलिसांना देणे बंधनकारक केले; शिवाय मूल सापडल्यावर ते कशामुळे पळाले हे शोधून पुढची सोय करताना ते कारण ध्यानात घेण्याची जबाबदारीही यंत्रणेवर टाकली. कायद्याला सुचलेला हा प्रश्न पटकथेला मात्र क्वचितच सुचतो.

मुंबईत हूड पोराला ‘डोंगरीला पाठवीन’, म्हणजे तिथल्या बालसुधारगृहात टाकीन, असा धाक घालण्याची जुनी रीत आहे, आणि आपल्या मालिका अजून त्या धाकातच अडकल्या आहेत. विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेले, बालक पळाले तरी केवळ तेवढ्यासाठी त्याच्यावर वेगळी कारवाई चालवता येत नाही, असे आपला कायदा सांगतो. मग ज्याच्या हातून कसलाच गुन्हा घडलेला नाही, ज्याला बालकल्याण समितीपुढे न्यायचे, अशा मुलाला मालिकेतला हवालदार गचांडी धरून कोठडीत का ढकलतो?

पटकथाकारांकडे माझे मागणे मोठे नाही. मुलगा परत येतो, अधीक्षक त्याला आधी जेवायला बसवतात आणि मग शेजारी बसून विचारतात, एवढा एक प्रसंग त्यांनी लिहावा. माझा विद्यार्थी परतला त्या संध्याकाळी पंगत उठून गेली होती. स्वयंपाकाच्या मावशींनी त्याच्यासाठी वरण पुन्हा गरम केले, आणि बहिणीची हकीकत त्याने पहिल्यांदा सांगितली ती त्यांनाच.

– एक निवृत्त शिक्षक, चेंबूर, मुंबई