प्रोटीन पावडरचा डबा आणि मधुमेह

संपादक महोदय,

आजारी माणसाला भेटायला जाताना फळांऐवजी प्रोटीन पावडरचा डबा नेण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. घरात मधुमेह असेल तर डब्यावरचे ‘नो ॲडेड शुगर’ वाचून देणारा आणि घेणारा, दोघेही निर्धास्त होतात. या निर्धास्तपणाची काळजी वाटते म्हणून हे पत्र.

डब्याची मागची बाजू वाचायला हवी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. तिच्या सुरुवातीलाच माल्टोडेक्स्ट्रिन किंवा माल्ट दिसले, तर तो डबा मुख्यतः पिठाचा आहे असे समजावे. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे पिष्टाचे बारीक तुकडे. ‘शुगर’च्या रकान्यात ते फारसे दिसत नाही, पण रक्तात जवळपास ग्लुकोजच्याच वेगाने उतरते. म्हणून आकडा बघायचा तो एकूण कार्बोहायड्रेटचा, म्हणजे कर्बोदकांचा, आणि तोही आपण जेवढी पावडर घेणार तेवढीचा. समजा 100 ग्रॅममागे प्रथिने 20 आणि कर्बोदके 55 ग्रॅम लिहिली आहेत. मग 30 ग्रॅम पावडरीतून प्रथिने मिळाली 6 ग्रॅम, म्हणजे एका अंड्याएवढी, आणि कर्बोदके साडेसोळा ग्रॅम, म्हणजे एका लहान पोळीएवढी. ती पेलाभर दुधात कालवली की दुधातली आणखी नऊ-दहा ग्रॅम साखर आली. चक्का टांगल्यावर जे पाणी गळते त्यातली प्रथिने वेगळी काढून केलेली साधी व्हे पावडर मात्र तेवढ्याच वजनात वीस-बावीस ग्रॅम प्रथिने देते आणि कर्बोदके दोन-तीन ग्रॅमच. दुकानात दोन्ही डबे एकाच फळीवर असतात.

अशी व्हे पावडर 15 ग्रॅम प्रथिने मिळतील इतकी, पाण्यात, जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटे घेतली तर पोट सावकाश रिकामे होते, इन्सुलिन लवकर सुटते आणि जेवणानंतरची साखर कमी चढते. पण पोळी-भात तेवढाच ठेवून वर हे पेय चालू केले, तर उष्मांकांची भरच पडते. ताटातून काय कमी केले, हे आधी ठरवावे. पेय मानवते का हे ग्लुकोमीटर सांगतो: पिण्याआधी आणि दोन तासांनी मोजावे.

सर्वांत धोक्याची चूक रात्री होते. वजन उतरवायचे म्हणून रात्रीचे जेवण सोडून नुसता शेक घेतला जातो, आणि ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन मात्र ठरल्याप्रमाणे चालू राहते. औषधाचा डोस जेवणाच्या हिशेबाने लावलेला असतो; पोटात कर्बोदकेच नसतील तर मध्यरात्री साखर 70 च्या खाली घसरते, दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. अशा वेळी प्रोटीनचे पेय उपयोगाचे नाही, प्रथिनांनी साखर पटकन वर येत नाही. 15 ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर घरची साखर लवकर लागू पडत नाही, कारण तिचे विघटन ही औषधेच रोखतात. म्हणून ग्लुकोजचा डबा उशाशी असू द्या. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर नुसत्या शेकवर दिवस काढूच नयेत. साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्ले, साचू शकतात. मळमळ, उलट्या, धाप लागली तर ग्लुकोमीटरच्या आकड्यावर विसंबून घरी थांबू नये.

मूत्रपिंडाचे काय? साखर ताब्यात आहे म्हणजे मूत्रपिंड ठणठणीत आहे असे नव्हे. डबा उघडण्याआधी लघवीतले अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर आणि रक्तावरून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, पाहावा. गुणोत्तर 30 च्या वर किंवा ईजीएफआर 60 च्या खाली असेल तर पावडरचा निर्णय डॉक्टरांचा. मूत्रपिंडविकारात प्रथिने रोज शरीराच्या वजनाच्या किलोमागे 0.8 ग्रॅमच्या आसपास ठेवतात. डायलिसिसवर असलेल्यांना उलट एक ते 1.2 ग्रॅम लागतात, आणि अनेक घरांत त्यांचीच डाळ भीतीने बंद केलेली असते.

एरवी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशेबाने निरोगी प्रौढाला किलोमागे 0.83 ग्रॅम पुरते. 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. शंभर ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरी (10), तीस ग्रॅम तूरडाळ (साडेसहा), तीस ग्रॅम मटकीची उसळ (6), दूध-दही मिळून 300 ग्रॅम (साडेनऊ), दोन अंडी (12), मूठभर फुटाणे (6): झाले पन्नास. अंडी चालत नसतील तर 25 ग्रॅम कोरड्या सोया चंक्समधून 13 ग्रॅम मिळतात. घोडे अडते ते पातळ वरणावर. अशा वाटीत डाळ जेमतेम पंधरा ग्रॅम असते, म्हणून डाळ शिजवण्याआधी एकदा वजन करून पाहावी. दात नसलेले वृद्ध, क्षयातून किंवा शस्त्रक्रियेतून उठलेले, वजन घटत चाललेले रुग्ण यांना एवढे खाणे जमत नाही. पावडरचा खरा उपयोग त्यांना आहे.

दोन मागण्या आहेत. पाकिटावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत छापली की नियम पाळला जातो. कर्बोदकांचा आकडा आणि चमच्याचे वजन महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या डब्यांवर मराठीतही असावे. आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘प्रोटीन पावडर, दोन वेळा’ एवढेच न लिहिता किती ग्रॅम प्रथिने, कशाच्या बदल्यात आणि शेवटची लघवी तपासणी कधीची, हेही लिहावे.

– एक आहारतज्ज्ञ, पुणे