दिवाळीपर्यंत थांबायचं नाही

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बोलायला लागलं की आई रडते. आणि बाबा, तुम्हाला मधेच काहीतरी सांगायचं असतं, ते तोंडातून निघत नाही, मग तुम्ही चिडून फोन आईकडे देता. म्हणून हे पत्र. आई, दुपारची जेवणं आटोपली की बाबांजवळ बसून हळूहळू वाच. सगळं एका बैठकीत वाचू नकोस, ते दमले की थांब.

आधी काय ठरलंय ते सांगते, कारणं मागून. येत्या रविवारी संदीप गाडी घेऊन येतोय. सोमवारी सकाळी निघायचं आणि निदान दीड महिना पुण्यात राहायचं. आमच्या घराजवळच्या पुनर्वसन केंद्रात बाबांच्या अर्धांगवायूवरच्या उपचारांसाठी त्यांचं नाव घातलंय, पैसेही भरलेत. दादाशी बोलणं झालंय, त्याला पटलंय. तुम्हाला न विचारता ठरवलं याचा राग येईल, येऊ दे. पण विचारलं असतं तर आधी 'कापणी होऊ दे', मग 'दिवाळी होऊ दे', मग 'तुळशीचं लग्न उरकू दे' असंच चाललं असतं. गणपतीत घर बंद ठेवा असं मी सांगूच शकत नव्हते, म्हणून तोवर थांबले. आता थांबायचं नाही.

का, ते सांगते. वॉशिंग्टनमधल्या एका पुनर्वसन रुग्णालयात अर्धांगवायूच्या ७२ रुग्णांवर केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. हाताच्या व्यायामाचे जादा वीस तास काहींना अटॅकनंतर पहिल्या महिन्याभरात दिले, काहींना दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान, काहींना सहा महिने उलटून गेल्यावर. वर्षाने पाहिलं तर दोन-तीन महिन्यांत ज्यांना दिले त्यांचा हात सगळ्यात जास्त सुधारलेला होता. पहिल्या महिन्यातल्यांना थोडा कमी फायदा झाला होता. सहा महिन्यांनंतरच्यांना त्याच वीस तासांनी फारसा फरक पडला नव्हता. अभ्यास लहान आहे हे खरं, पण केंद्रातल्या डॉक्टरांनीही मला हेच समजावलं, की मेंदू या दिवसांत नव्या वाटा शोधायला सगळ्यात जास्त तयार असतो. बाबांना अटॅक आला तो लावणीच्या दिवसांत. म्हणजे तो काळ आत्ता चालू आहे. दिवाळी झाल्यावर आलो तर अर्धा निघून गेलेला असेल.

आई, आता जे लिहिणार आहे ते वाचताना मनाला लावून घेऊ नकोस. तू रोज सकाळ-संध्याकाळ त्यांचा हात हलवतेस, पाय वाकवतेस, तेल लावतेस. ते बघून गेल्या वेळी मला स्वयंपाकघरात जाऊन उभं राहावं लागलं होतं. पण आपल्याच देशातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम शिकवून, घरीच करून घ्यायला सांगितलं. बाकीच्यांना नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेले किंवा परावलंबी राहिलेले दोन्ही गटांत सारखेच होते, १०० पैकी ४७. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात हे छापून आलं. घरच्यांनी माया कमी केली म्हणून तसं झालं नाही. हे काम शिकलेल्या माणसाचं आहे, ते घरच्यांवर टाकून भागत नाही, एवढाच मी त्याचा अर्थ घेतला. तुझी जागा कुणी घेत नाहीये गं. उलट तुला रात्रीची सलग झोप मिळावी, तुझ्या गुडघ्यांकडे कुणीतरी बघावं, हाही माझा हेतू आहे.

आप्पांचं मनात येत असेल तुमच्या. माझ्याही येतं. मागच्या खोलीतली ती खाट आपण कुणीच विसरलेलो नाही. पण बाबा, आप्पांच्या अटॅकच्या वेळी मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आपल्याकडे कुणाच्या कानावरसुद्धा आलं नव्हतं. ते उपयोगी पडतं हे दाखवणारी अमेरिकेतली मोठी चाचणीच १९९५ सालची. तेव्हा मुदत होती अटॅक आल्यापासून तीन तासांची, २००८ मध्ये ती साडेचार तासांवर गेली. २०१५ मध्ये एकापाठोपाठ एक अशा पाच चाचण्यांनी दाखवून दिलं, की मोठी नस बंद झाली असेल तर मांडीतून नळी घालून ती गुठळी ओढून काढता येते. निवडक रुग्णांमध्ये तर हे आता चोवीस तासांपर्यंत करतात. बाळूकाका त्या सकाळी कुणाचं काही न ऐकता तुम्हाला थेट रत्नागिरीला घेऊन गेले, स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे बघून इंजेक्शन दिलं गेलं, म्हणून आज तुम्ही काठी घेऊन पडवीपर्यंत येता. आप्पांना हे काहीच मिळालं नव्हतं. तुमचं त्यांच्यासारखं होणार असं मनात धरून बसू नका.

आणि आई, 'रुग्णालयात पहिल्या दिवशी नुसतं झोपवून ठेवलं, तेव्हाच चालवलं असतं तर' हे तू अजून म्हणतेस. ते मनातून काढून टाक. नेमकं हेच २,१०४ रुग्णांवर तपासलेलं आहे. पहिल्या चोवीस तासांत उठवून वारंवार चालवलं त्यांचं पुढे थोडं कमीच भलं झालं. आधी थोडी विश्रांती हवीच होती. ती झाली, आता कामाला लागायचं.

गणपतीत आरतीच्या वेळी बाबांनी शेवटच्या कडव्यापर्यंत सगळ्यांबरोबर म्हटलं, एकही शब्द अडला नाही. वैशूमावशी रडायलाच लागली. आणि प्रसाद वाटताना त्यांना पाणी हवं होतं तर 'ते... ते...' करत कपाळावर घाम आला. मी ते केंद्रातल्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, असं पुष्कळदा दिसतं. बोलण्याचं केंद्र बहुतेकांत मेंदूच्या डाव्या भागात असतं, पॉल ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हे १८६५ मध्येच सांगितलं होतं. पण सुरात म्हणायचं, पाठ असलेलं, वर्षानुवर्षं जिभेवर बसलेलं, ते टिकून राहू शकतं. त्याचाच धागा धरून शब्द लयीत, हाताने ठेका देत म्हणायला लावायचे आणि हळूहळू सूर कमी करत साध्या बोलण्यावर आणायचं, अशी एक उपचारपद्धत १९७० च्या दशकापासून आहे. बाबांसाठी ती करून बघणार आहेत. म्हणजे बाबा, तुमची आरती तुम्हाला पाण्यापर्यंत नेईल अशी आशा आहे मला. तोवर ते एखाद्या शब्दाला अडले तर आई, तू तो लगेच पुरवू नकोस. थोडं थांब. आणि मोठ्याने ओरडून बोलू नकोस, त्यांना ऐकू सगळं येतं, कळतंही सगळं.

हाताचंही तसंच. तू त्यांना भरवतेस, शर्टाची बटणं लावतेस, लवकर उरकतं म्हणून. पण उजवा हात वापरलाच नाही तर मेंदू त्याला विसरत जातो. तिथे बऱ्या हाताला हातमोजा घालून अधू हाताकडूनच कामं करून घेण्याचा प्रकार आहे. २००६ मध्ये त्याची मोठी चाचणी झाली आणि फायदा दिसला. मात्र मनगट-बोटं थोडी तरी हलत असतील तरच ते जमतं, म्हणून फिजिओथेरपिस्ट आधी तपासतील. मागच्या रविवारी व्हिडिओवर मी पाहिलं, बाबांच्या अंगठ्याने टॉवेलचं टोक धरलं होतं. तुम्ही दोघं वेगळंच काहीतरी बोलत होतात, मी तेवढंच बघत होते.

बाबा, खर्चाची काळजी तुम्ही करायची नाही. रोबोटची मशिनं असलेलं महागडं केंद्र मी घेतलेलं नाही. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये ७७० रुग्णांवर हाताचा रोबोट तपासला, २०१९ मध्ये निकाल आला, नेहमीच्या उपचारांपेक्षा हात काही जास्त चालला नाही. मानेजवळच्या एका नसेला विजेचे हलके झटके देत व्यायाम घेण्याचं यंत्रही निघालंय, अमेरिकेत २०२१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण त्यासाठी छातीत छोटं ऑपरेशन लागतं आणि अटॅकला बरेच महिने झालेल्यांवर ते तपासलंय. आपल्याला आत्ता त्याची गरज नाही. आपल्याला हवेत चांगली माणसं आणि भरपूर तास.

आता राहण्याचं. जावयाच्या घरी महिनाच्या महिना राहायला तुम्हाला अवघड वाटणार, म्हणून आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर वेगळी खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने घेतलंय. आई, तुझी चूल तुझीच. उकडे तांदूळ येताना आणा, इथे मिळतात पण तुला चव लागायची नाही. कमोडच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे बसवून घेतलेत, न्हाणीत न घसरणारी चटई आणि बसायला प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलीय. पायरी एकच आहे, तिथे फळी टाकलीय. पेपर येईल. खिडकीतून आंब्याचं झाड दिसतं, कलम नाही, रायवळ आहे, पण आहे. ईरा शाळेतून आली की तुमच्याकडेच असेल, तिने आजोबांसाठी चित्रांची कार्डं करायला घेतलीयेत, पाण्याचा तांब्या, चष्मा, पंखा. देवांची पूजा भाऊंकडे सोपवलीय, ते आनंदाने 'हो' म्हणाले. गुरांचं बाळूकाका बघतील. कापणीला दादा पैसे पाठवतोय, माणसं लावा. मोत्याला आणता येणार नाही, त्याचं मला खरंच वाईट वाटतंय.

बाबा, आई माहेरी बाळंतपणाला गेली होती तेव्हा तुम्ही माझ्या वेण्या घालायचात. एक कानाच्या वर, एक खाली, आणि रिबिनीची गाठ इतकी घट्ट की संध्याकाळी सुटायची नाही. मी तशीच शाळेत जायचे आणि कुणाला हात लावू द्यायचे नाही. त्या हाताची बोटं मला पुन्हा गाठ मारताना बघायचीत. पहिल्यासारखा होईल की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत, म्हणून मीही सांगणार नाही. पण होईल तेवढा तरी होऊ दे ना. माझ्यासाठी या.

निघेपर्यंतच्या गोष्टी, आणि यात मी काही ऐकणार नाही. बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही, रक्त पातळ करणारीही नाही. एकदा अटॅक आलेल्याला पुन्हा येण्याची भीती जास्त असते, आणि ती कमी करायला या गोळ्या फार महत्त्वाच्या आहेत. तंबाखूची डबी आई, तू आजच कुणाला तरी देऊन टाक. सुकट, खारवलेला बांगडा, पापड, लोणचं ताटात नको, मीठ जातं नुसतं. ताजी मासळी खुशाल खा. चहा पिताना बाबांना ठसका लागतो, तेव्हा सरळ बसवून, हनुवटी थोडी खाली करून घोट घोट द्यायचा, आणि खाल्ल्यावर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. खाटेवरून उठवताना उजवा हात धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. कंबरेला धरा. आणि कबुतराचं रक्त चोळा म्हणून सांगणाऱ्यांना चहा पाजून वाटेला लावा.

बोलताना तोंड वाकडं झालं, हात गळाला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोल गेला, यातलं काहीही पुन्हा झालं तर मला फोन करत बसू नकोस आई. आधी बाळूकाकांना हाक मार, किती वाजले ते बघून ठेव आणि रत्नागिरी गाठा. मला वाटेतून कळवा.

गाडीत बाबांच्या उजव्या हाताखाली उशी लागेल, ती आणा. घाटात दोनदा थांबायचं असं संदीपला सांगून ठेवलंय. बाबा, तुम्हाला पुढे बसायला आवडतं हे त्याला माहीत आहे.

तुमची,
सुमी

ता. क. सीटी स्कॅनची फिल्म आणि डिस्चार्जचे कागद कपाटावरच्या निळ्या पिशवीत आहेत. औषधांची चिठ्ठी फ्रिजवर चिकटवलीय ती पण काढून घ्या. गोळ्या आठ दिवसांच्या जादा आणा.