अळंबी पाळीव नसते, हे कोणी ठरवलं?

संपादक महाशय,
स. न.

आमच्या भागात नुकतीच शाळांची चित्रकला स्पर्धा झाली. विषय होता ‘माझा काल्पनिक पाळीव प्राणी’. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीने अळंबी काढली होती. ‘अळंबी ही वनस्पती आहे. विषय समजला नाही,’ असा शेरा मागे लिहून चित्र परत आलं. पोरीने तो वाचला आणि चित्राची घडी करून दप्तरात टाकली. तिला विषय पुरता समजला होता, म्हणून हे पत्र.

डिसेंबरातला शनिवार, सकाळची शाळा. मुलं भिंतीला पाठ लावून उन्हात बसली होती. मी त्यांना मोरोझकोची गोष्ट सांगितली. रशियन भाषेत ‘मोरोझ’ म्हणजे कडाक्याची थंडी, आणि मोरोझको म्हणजे माणसासारखी बोलणारी ती थंडीच. अलेक्झांडर अफनास्येव यांनी १८५५ ते १८६३ या काळात छापलेल्या रशियन लोककथांत ही गोष्ट आहे. सावत्र आई मुलीला बर्फाच्या रानात सोडून यायला लावते. ती झाडाखाली कुडकुडत बसते. मोरोझको या झाडावरून त्या झाडावर कडाकडा उड्या मारत येतो आणि विचारतो, ‘ऊब आहे ना गं पोरी?’ ती म्हणते, ‘आहे, आजोबा.’ तो थंडी वाढवतो, पुन्हा विचारतो. जीभ वळेना, तरी तिचं उत्तर तेच. शेवटी त्यालाच दया येते आणि तो तिला उबदार कातड्यांत गुंडाळतो.

गोष्ट संपली तशी ही मुलगी म्हणाली, “तिनं खोटं काहून सांगतलं जी?”

मला उत्तर देता आलं नाही. त्याच सकाळी मी तिला विचारलं होतं, “स्वेटर कुठे गं? थंडी नाही वाजत?” फ्रॉकच्या बाह्या ओढून तिने मुठीत धरल्या होत्या, नखं निळसर पडली होती. “नाही वाजत, मॅडम,” एवढंच ती म्हणाली होती.

सोमवारी तिने ते चित्र आणलं. झाड, पांढरा खडू घासून केलेला बर्फ, खाली मुलगी. तिच्या मांडीवर दोन डोळ्यांची एक अळंबी. टोपीची कड खाली वाकवून तिने मुलीच्या पायांवर घेतलेली. नाव टोप्या. “हा थंडी वाजते का म्हणून विचारतच नाही, पांघरते,” तिने सांगितलं. कार्टूनमध्ये असते तशी लाल टोपीवर पांढऱ्या ठिपक्यांची अळंबी तिने काढली नव्हती. तसली खरीच असते, थंड मुलखातल्या बर्च आणि पाईनच्या झाडांखाली उगवते, आणि विषारी असते. हिने काढली ती आपल्या रानातली सात्या, मळकट पांढरी, देठाला वारुळाची माती लागलेली. आमच्या मुलांना सात्या नीट माहीत आहेत, आणि घरच्या मोठ्यांनी ओळखून दिल्याशिवाय कुठल्याच छत्रीला हात लावायचा नाही, हेही.

आता त्या शेऱ्याबद्दल. अळंबी वनस्पती नाही. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये सजीवांची पाच सृष्टींत वाटणी केली, त्यात कवकांची, म्हणजे बुरशी-अळंबीची, सृष्टी वेगळी आहे. हे आठवीच्या मुलांनाही शिकवलं जातं. कवकं स्वतःचं अन्न उन्हातून तयार करत नाहीत. त्यांच्या पेशींच्या भिंतीत कायटिन नावाचं चिवट द्रव्य असतं, तेच खेकड्याच्या आणि भुंग्याच्या कवचात असतं. नात्याने ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहेत. आणि पाळण्याचं म्हणाल, तर वारुळावरची अळंबी वाळवीने पाळलेलीच असते. वाळवी चघळलेल्या पालापाचोळ्याचे थर रचते, त्यावर बुरशी वाढवते आणि तीच खाते. पावसाळ्यात त्याच बुरशीच्या छत्र्या माती फोडून वर येतात. पोरीच्या आजीने हे तिला पुस्तकाशिवाय सांगितलं होतं: “वारूळ मोडू नोको, सात्या त्याइच्या हायेत.”

स्पर्धेचा निकाल बदला, असं माझं म्हणणं नाही. परीक्षकांनी चित्र बाद करण्याआधी मुलाला एकदा विचारावं, हे काय काढलंस? आणि आपल्या रविवारच्या बालपानाला विनंती, की पाळीव म्हणजे कुत्रा, मांजर, ससा एवढ्यावर न थांबता झाडीपट्टीतल्या मुलांच्या ओळखीचे सजीवही त्यात येऊ द्यावेत. घडी उलगडून चित्र मी वर्गात लावलं आहे. जागा असेल तर त्याचा फोटो पाठवते.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
ता. साकोली, जि. भंडारा