क्रँक सेन्सरचा दोष शोधून देणाऱ्या काकांस आभारपत्र

आदरणीय काकांस,

सादर नमस्कार.

वडिलांची जुनी गाडी इंजिन तापले की वाटेत बंद पडायची आणि अर्ध्या तासाने, जणू काही घडलेच नाही अशी, पुन्हा सुरू व्हायची. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत ती थंड झालेली असे, त्यामुळे दोष कुणालाच सापडत नव्हता; प्लग बदलले, फ्युएल पंपही बदलला, पण त्रास तसाच राहिला. आपण मात्र बॉनेट उघडण्याआधीच विचारलेत, ‘बंद पडल्यावर स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा हलतो का?’ तो हलत नव्हता, पण त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता.

तो आपण समजावलात. क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा; त्याच्याबरोबर फिरणाऱ्या दातेरी चकतीचे दात समोरून जाताना क्रँक सेन्सरमध्ये विजेचे स्पंद उमटतात. या गाडीच्या चकतीवर 60 दातांच्या जागा असून त्यांतले 2 दात मुद्दाम गाळलेले आहेत, आणि त्या रिकाम्या जागेवरूनच ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, क्रँकशाफ्टची नेमकी स्थिती कळते. हा संकेत तुटला की आरपीएमचा काटा हलत नाही, आणि स्टार्टर कितीही फिरवला तरी ठिणगी पडत नाही आणि इंधन फवारणारे इंजेक्टरही उघडत नाहीत.

तरीही आपण लगेच सेन्सर बदलू दिला नाहीत, याचे मला सर्वांत मोल वाटते. थंड सेन्सरचा रोध मल्टिमीटरवर सुमारे 900 ओहम, म्हणजे ठीकच दिसत होता. मग आपण माझ्यासोबत गाडीत बसलात, ती बंद पडेपर्यंत आम्ही फिरलो, आणि तिथेच कनेक्टर काढून मोजल्यावर सर्किट तुटलेले आढळले. सेन्सरच्या आतली तार उष्णतेने सुटत होती आणि थंड होताच पुन्हा जुळत होती.

बदलण्याचे काम आपण माझ्याच हातून करवून घेतलेत: आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढणे, गंजलेल्या बोल्टवर तेल सोडून रात्रभर थांबणे, अडकलेला सेन्सर पान्याने उचकटण्याऐवजी हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवणे. बसवताना खाचेतला कचरा आपण दोनदा पुसायला लावलात, कारण दात आणि सेन्सर यांच्यात जेमतेम मिलिमीटरभर अंतर असते. नवी वायर सायलेन्सरच्या पाइपपासून दूर, जुन्याच क्लिपमध्ये बसवण्याची आठवणही आपलीच.

त्यानंतर भर उन्हात, लांबच्या प्रवासातही गाडी एकदाही थांबली नाही. वडील पुन्हा निर्धास्तपणे ती चालवू लागले आहेत, आणि त्याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे.

आपला कृतज्ञ,
गाडीवाल्यांचा मुलगा